संगणकाचें घर आणि त्याचा पंखा

वैशाख महिन्यांत दुपारीं दोन-अडीचच्या सुमारास तळोद्याच्या पेठेंतून चालत जाण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना खानदेशचा उन्हाळा म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी, आणि मधल्या सपाट काळ्या पट्ट्यावर पारा चाळीस अंशांच्या वर जाऊन दिवसेंदिवस तेथेंच मुक्काम करतो. दुकानदार पडदे सोडतात, गुरें झाडाखालीं उभीं राहतात, आणि ज्याला शक्य असेल तो माणूस घरांत पाण्याच्या कूलरपुढें जाऊन बसतो. माणसाला आपली सोय अशी पाहतां येते. परंतु श्रोतेहो, त्याच घरांत टेबलाखालीं एक लोखंडी पेटी दिवसभर काम करीत असते. तिला घाम येत नाहीं, ती पाणी मागत नाहीं, आणि उष्मा असह्य झाला म्हणजे एके क्षणीं ती मुकाट्यानें बंद पडते. तिच्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

ही पेटी आतां केवळ मोठ्या शहरांतली चैन राहिलेली नाहीं. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यापासून निराळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. त्यानंतर बारा वर्षांनीं, २९ सप्टेंबर २०१० रोजीं, याच जिल्ह्यांतील शहादें तालुक्याच्या टेंभली या लहानशा गांवीं देशांतले पहिले आधार क्रमांक देण्यांत आले. आज जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सातबाराचा उतारा, महाविद्यालयाचा प्रवेश, शिष्यवृत्तीचा अर्ज, यांपैकीं कशासाठींही सातपुड्याच्या पाड्यावरून उतरून आलेला मनुष्य प्रथम कोणाच्या तरी संगणकापुढें येऊन उभा राहतो. आणि या कामाची खरी गर्दी मे व जून या दोन महिन्यांत, म्हणजे नेमकी ऐन उष्म्यांत.

तळोद्यांतील एका कुटुंबाची हकीकत या बाबतींत ऐकण्यासारखी आहे. वडील मिरचीचे लहानसे व्यापारी. पुढच्या खोलींत मुलीनें अर्ज भरून देण्याचें व झेरॉक्स काढून देण्याचें केंद्र चालविलें आहे. मागच्या खोलींत मिरचीचीं पोतीं. हंगामांत मिरची पथारीवर वाळत पडली कीं साऱ्या परिसराला तिचा ठसका लागतो. या घराला तो वर्षभर. संगणक जुना, कोणाकडून तरी अर्ध्या किमतींत घेतलेला. एका मे महिन्यांत, भर दुपारीं, डोंगरांतल्या एका पाड्यावरून एक बाई मुलाच्या वसतिगृहाचा अर्ज भरण्यास आली. अर्ज निम्मा झाला कीं संगणक विझावा, दहा मिनिटें थांबून तो पुन्हां सुरू करावा, पुन्हां नांव-गांव लिहावें, आणि पुन्हां तो विझावा. असें तीन वेळां झालें. शेवटीं परतीची जीपगाडी चुकेल या भीतीनें ती बाई मुलाचा हात धरून तशीच निघून गेली, आणि दुसऱ्या दिवशींची मजुरी बुडवून पुन्हां आली. मुलीच्या मनाला ही गोष्ट फार लागली.

तिचे मामा शहाद्यास पंपांच्या मोटारींचें वाइंडिंग करतात. संगणकाशीं त्यांचा कधीं संबंध आला नव्हता. पण तापून बंद पडणारीं यंत्रें त्यांनीं जन्मभर पाहिलेलीं. त्यांनीं पेटीचें बाजूचें झांकण काढलें, आंत बॅटरीचा उजेड पाडला, आणि प्रोसेसरवरच्या पंख्याखालून चिमट्यानें एक जाडसर, तांबूस-करडा थर उचलून बाहेर काढला. जुन्या घोंगडीचा तुकडा असावा तसा तो दिसत होता. मिरचीची पूड, रस्त्याची माती, कापसाचे तंतू आणि केंस. पुढचीं दहा मिनिटें घरांतलीं सर्व माणसें शिंकत होतीं.

“पोरी, यंत्र बिघडलेलें नाहीं,” मामा म्हणाले, “त्याला वारा मिळत नाहीं. आमच्या दुकानांत जळून येणाऱ्या मोटारींतल्या निम्म्या याच दुखण्यानें जळतात.”

सफाई केल्यावर त्या यंत्रानें पावसाळा कसाबसा काढला. दिवाळीनंतर मात्र नवा संगणक घ्यावयाचा, आणि तोही एकेक भाग निवडून जुळवून घ्यावयाचा, असें ठरलें. धाकटा भाऊ सुटींत नाशिकहून आला होता. तो तेथें अभियांत्रिकीचा अभ्यास करतो, आणि लग्नसराईंत एका छायाचित्रकार मित्रासाठीं लग्नाच्या चित्रफिती जुळवून देतो. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम वगैरेंचा हिशेब मांडून झाल्यावर कॅबिनेट आणि प्रोसेसरचा कूलर या दोन वस्तूंसाठीं ५,००० रुपये उरले. त्यापलीकडे एक रुपयाही मिळणार नाहीं, असें वडिलांनीं स्पष्ट सांगितलें.

भावानें मोबाइलवर एक चित्र दाखविलें. समोरून अखंड कांच, आंत रंगीबेरंगी दिवे. “ताई, हें बघ, किती छान दिसेल!”

“दिवे दिवाळीला लावतात,” वडील म्हणाले, “पेटींत वर्षभर कशाला? पत्र्याचा डबा तो पत्र्याचा डबा. सर्वांत स्वस्त मिळेल तो घ्या.”

दोघांचीं मतें परस्परविरुद्ध दिसत असलीं तरी चूक दोघांची एकच होती. कॅबिनेट म्हणजे नुसतें झांकण, अशी दोघांचीही समजूत. एकाला तें देखणें हवें होतें आणि दुसऱ्याला स्वस्त. पुष्कळ सुशिक्षित घरांतही हाच समज आढळतो, म्हणून तो जरा उलगडून पाहणें जरूर आहे.

संगणक हा जेवढी वीज खातो तेवढी जवळजवळ सर्वच उष्णतेच्या रूपानें परत देतो. चक्कीनें पीठ दळलें, पंपानें पाणी चढविलें, असें त्याच्या बाबतींत होत नाहीं. दोनशें वॅट आंत गेले कीं दोनशें वॅटची शेगडी पेटली असें समजावें. हा प्रकार नवा नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं जो संगणक चालूं झाला, आणि ज्याला पुढें टिफ्रॅक हें नांव मिळालें, त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि अशी प्रत्येक नळी म्हणजे धग देणारा एक लहानसा दिवाच. पुढें नळ्या गेल्या, चिमुकले अर्धवाहक आले, आणि कांहीं काळ हा प्रश्न मिटल्यासारखा दिसला. १९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीनें जो टेबलावरचा संगणक काढला, त्यांतल्या प्रोसेसरवर पंखा तर नव्हताच, पण उष्णता पसरविणारा धातूचा तुकडाही नव्हता. १९९३ सालीं पेंटियम आला; तेव्हांपासून मात्र प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा बसविणें हा नित्याचाच भाग होऊन बसला.

याचें कारण उष्णतेच्या आकड्यांत जितकें आहे, त्याहून अधिक जागेच्या टंचाईंत आहे. घरांतली १,००० वॅटची इस्त्री घ्या. तिचा तळ सुमारें दोनशें चौरस सेंटिमीटरांचा. म्हणजे एका चौरस सेंटिमीटराच्या वांट्याला पांच वॅट आले. साधारण प्रतीच्या प्रोसेसरांतली सिलिकॉनची चकती बोटाच्या नखाएवढी, फार तर दीड-पावणेदोन चौरस सेंटिमीटर. आणि तिच्यांतून ६५ वॅट बाहेर पडतात, म्हणजे चौरस सेंटिमीटराला चाळीसच्या आसपास. तापलेल्या इस्त्रीच्या आठपट! एवढी धग एवढ्याशा जागेंतून उचलून धातूच्या पात्यांवर पसरावयाची आणि पंख्यानें ती हवेंत सोडून द्यावयाची, हें प्रोसेसरच्या कूलरचें काम.

येथें ‘कूलर’ या शब्दानें एक घोंटाळा होतो, आणि तो या घरींही झाला. वडिलांनीं विचारलें, “यांत पाणी कुठून भरायचें?” प्रश्न हसण्यासारखा नव्हे. आपल्या खिडकींत बसणारा कूलर पाण्याचें बाष्प करून हवेला खोलीपेक्षां थंड करतो. माठांतलें पाणी गार होतें तेंही असेंच. प्रोसेसरचा कूलर यांतलें कांहीं करीत नाहीं. तो फक्त उष्णता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेतो. म्हणून त्याच्याभोंवतालची हवा जितकी गरम असेल त्याहून प्रोसेसर कधींही थंड होऊं शकत नाहीं. ज्या महागड्या कूलरांत नळ्यांतून द्रव खेळविलेला असतो, त्यांनाही हा नियम चुकत नाहीं. ते उष्णता अधिक दूर नेऊन सोडतात, इतकेंच.

या एका नियमावरून बाकीचा हिशेब आपोआप मांडतां येतो. प्रोसेसरचें तापमान हें तीन पायऱ्यांच्या जिन्यासारखें आहे. पहिली पायरी खोलीची हवा. दुसरी, कॅबिनेटमधली हवा खोलीहून जेवढी अधिक तापते ती. तिसरी, त्या हवेहून प्रोसेसर जेवढा अधिक तापतो ती. जाहिरातींतले आणि परीक्षणांतले आंकडे बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या थंड खोलींत घेतलेले असतात. तळोद्यांत वीज गेलेल्या मे महिन्याच्या दुपारीं खोलीच ३८ ते ४० अंश असते. म्हणजे जिना चढण्यास आरंभ करण्यापूर्वींच पंधरा अंश खर्चीं पडले. ही पायरी कोणाच्याच हातीं नाहीं. राहिल्या दोन.

दुसरी पायरी सर्वस्वी कॅबिनेटची, आणि तिचें गणित शाळेंतल्या मुलालाही करतां येईल. पेटींत एकूण २०० वॅट उष्णता निर्माण होत असेल, आणि दर मिनिटाला एक घनमीटर हवा आंत येऊन बाहेर जात असेल, तर ती हवा सुमारें दहा अंशांनीं तापते. हवा निम्मी झाली कीं तापणें दुप्पट, म्हणजे वीस अंश. १२० मिलिमीटर व्यासाचा साधा पंखा मोकळ्या जागेंत दर मिनिटाला एक ते दीड घनमीटर हवा लोटतो. जाळी, गाळणी आणि वळणें मध्यें आलीं कीं त्याची निम्मीच उरते. आणि समोर अखंड कांच असली, बाजूला बोटभर फट असली, म्हणजे पंखे कितीही लावा. नाक दाबून धरलेल्या माणसानें धांवावें तसा तो प्रकार होतो. भावाला कांचेचें कॅबिनेट कां नको, तें त्याला या आंकड्यांवरून पटलें. दिव्यांचा प्रश्न तेथेंच निकालांत निघाला.

आतां वडिलांचा स्वस्त डबा. अगदीं कमी किमतींत मिळणाऱ्या कॅबिनेटमध्यें बहुधा एकही पंखा नसतो, किंवा मागें एकच लहान असतो. पत्रा इतका पातळ कीं हातानें वांकावा आणि पंख्याच्या कंपनानें खडखडावा. कडा अशा धारदार कीं जुळणी करणाराचीं बोटें कापावीं. त्याहून एका गोष्टीची भीति बाळगावी. पुष्कळदां अशा कॅबिनेटबरोबर एसएमपीएस, म्हणजे वीज पुरविणारा डबा, जणूं फुकट दिलेला असतो. त्यावर आंकडा मोठा छापलेला असला तरी त्याचें वजन हातांत घेऊन पाहावें. आंत तांबें कमी म्हणून तो हलका, आणि हलका म्हणूनच स्वस्त. विजेचा दाब खालींवर होणाऱ्या गांवीं असा एसएमपीएस घेणें म्हणजे सबंध संगणक पणास लावणें होय. तो भाग निराळा, चांगल्या प्रतीचा आणि हमीचा घ्यावा. मुलीनें त्याचा खर्च या पांच हजारांत धरलाच नव्हता, हें तिचें शहाणपण.

मग घ्यावयाचें काय? मुलीनें दुकानांच्या याद्या चाळून जें कॅबिनेट निवडलें त्याची समोरची बाजू सबंध बारीक जाळीची होती. तिच्यामागें १२० मिलिमीटरचे दोन पंखे हवा आंत घेणारे, आणि मागच्या अंगास एक बाहेर टाकणारा. आंत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षां थोडी अधिक असावी, असें जाणते लोक सांगतात. कारण मग पेटींतली हवा फटींतून बाहेर रेटली जाते, आणि धूळ यावयाची ती फक्त गाळणीच्या वाटेनेंच येते. उलट केलें तर प्रत्येक फट धूळ ओढणारें तोंड होते. समोर आणि तळाशीं, एसएमपीएसच्या खालीं, सुटी निघणारी, धुतां येणारी गाळणी आहे कीं नाहीं हें तिनें प्रथम पाहिलें. मिरचीच्या घरांत ही गाळणी प्रोसेसरच्या कूलरइतकीच मोलाची. मागच्या बाजूच्या रिकाम्या खांचांना पत्र्याच्या पट्ट्या असाव्यात, हेंही पाहावें. उघड्या खांचेंतून उंदीर, पाली आणि मुंग्या आंत जाऊन सुखानें संसार थाटतात, आणि त्यांच्या संसाराचा खर्च आपल्यावर पडतो.

मापाकडेही लक्ष हवें. मदरबोर्ड मुख्यतः तीन मापांचे मिळतात. एटीएक्स हा ३०५ बाय २४४ मिलिमीटरांचा, मायक्रो-एटीएक्स २४४ मिलिमीटरांचा चौरस, आणि मिनी-आयटीएक्स १७० मिलिमीटरांचा चौरस. बेताच्या खर्चांत मायक्रो-एटीएक्स बरा. त्यासाठीं राक्षसी पेटीची गरज नाहीं. परंतु पेटी किती रुंद आहे, यावर आंत किती उंचीचा कूलर मावेल हें ठरतें, आणि हाच आंकडा घाईंत विसरला जातो. मनोऱ्यासारखे उभे कूलर दीडशें मिलिमीटरांच्या पुढेंमागें असतात. कूलर मास्टर कंपनीचा हायपर २१२ इव्हो १५९ मिलिमीटर, डीपकूलचा एके-४०० हा १५५. मुलीनें निवडलेल्या पेटींत १६० मिलिमीटरांची सोय होती. तिच्याहून तीनशें रुपयांनीं स्वस्त असलेल्या दुसऱ्या एका पेटींत १४५ चीच. आज उंच कूलर घ्यावयाचा नसतांनाही तिनें हे तीनशें रुपये अधिक दिले. त्याचें कारण पुढें येईलच.

उंच कूलर आज कां घेतला नाहीं? तर, तो प्रोसेसरबरोबर आलाच होता म्हणून. त्यांनीं घेतलेला प्रोसेसर इंटेलचा कोअर आय-५ १२४००, जानेवारी २०२२ मध्यें बाजारांत आलेला. त्याची नेहमींची वीज ६५ वॅट, आणि थोडा वेळ जोर करावयाचा झाल्यास ११७ वॅटपर्यंत. खोक्यांत बंद असा घेतला तर त्याबरोबर कंपनीचा बुटका पंखेदार कूलर मिळतो. बाजारांत हेच प्रोसेसर खोक्यावांचून, नुसते, थोड्या कमी भावांतही मिळतात. त्यांना ‘ट्रे’चा माल म्हणतात. पण मग कूलर वेगळा घ्यावा लागतो, हमीचा प्रश्न निघतो, आणि वांचलेले पैसे हां हां म्हणतां निघून जातात. ज्या प्रोसेसरांच्या नांवापुढें ‘के’ हें अक्षर असतें त्यांच्याबरोबर मात्र कूलर येत नाहीं. शिवाय ते अधिक वीज खातात. बेताच्या खर्चांत संगणक जुळविणारानें त्या वाटेस जाऊं नये.

भावाचें म्हणणें पडलें कीं हा बुटका कूलर उन्हाळ्यांत पुरणार नाहीं. मुलीनें उत्तर दिलें, “मग उन्हाळा येऊं दे, मोजून पाहूं. कूलर अर्ध्या तासांत बदलतां येतो. कॅबिनेट बदलायचें म्हणजे सगळा संसार उचलून दुसऱ्या घरांत न्यायचा.” यांत मोठा व्यवहार होता. आणखी असें कीं कूलर एकट्या प्रोसेसरला निववितो. पण कॅबिनेटमधली हवा रॅमला, डिस्कला, मदरबोर्डला, सर्वांनाच पोंचते. पैसा थोडा असतांना जो खर्च सर्वांच्या उपयोगीं पडतो तो आधीं करावा.

पार्सल नंदुरबारहून तापी ओलांडून आलें. जुळणीच्या दिवशीं मामाही आले होते. बुटक्या कूलरला प्लॅस्टिकच्या चार खुंट्या असतात; त्या समोरासमोरच्या जोडीनें दाबावयाच्या, आणि चारही ‘टक्’ असा आवाज करून बसल्या कीं नाहीं हें मदरबोर्डाच्या पाठीमागून पाहावयाचें. एक खुंटी अर्धवट बसली कीं कूलर तिरका राहतो, आणि पुढें सारा दोष कंपनीला लागतो. येथेंही एक तशीच राहिली होती. मामांच्या बोटाला ती कळली. पेटी भिंतीपासून वीतभर पुढें, जमिनीवर न ठेवतां लांकडी चौरंगावर ठेवली. पाण्याच्या कूलरच्या थेट झोतांत ती येऊं नये म्हणून टेबलाची जागा बदलली. त्या झोताबरोबर पाण्याचे थेंब येतात, आणि ओली धूळ पात्यांवर चिखलासारखी चिकटून बसते. मिरचीचीं पोतीं मात्र मागच्या खोलींतच राहिलीं. त्यांना दुसरी जागाच नव्हती.

मे महिना आला. दुपारीं वीज जाई, इन्व्हर्टरवर संगणक चाले, खोलींत ३९ अंश. मुलगी रोज तापमान वहींत टिपून ठेवी. अर्ज भरतांना, छापतांना, छायाचित्रें लहान करतांना प्रोसेसर ६० ते ७० अंशांच्या मध्यें राहिला. हा प्रोसेसर १०० अंशांपर्यंत सोसतो. तेथें पोंचला कीं तो स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि त्यानेंही भागलें नाहीं तर बंद होतो. म्हणजे तिच्या कामासाठीं कंपनीचा फुकटचा कूलर पुरेसा होता. वडिलांना हें ऐकून फार समाधान वाटलें.

परंतु भाऊ सुटींत आला, आणि रात्रींऐवजीं दिवसाच लग्नाच्या चित्रफिती जुळवूं लागला. हें काम निराळें. त्यांत प्रोसेसरचे सर्व भाग तासन् तास जोरानें राबतात. पहिल्याच दुपारीं पंखा विमानासारखा गरजूं लागला, आंकडा शंभरावर जाऊन टेकला, आणि तासाभराचें काम पावणेदोन तासांवर गेलें. संगणक बंद पडला नाहीं. पण बाहेर बसलेल्या माणसांना अर्जासाठीं खोळंबावें लागलें. मुलीनें वही त्याच्यापुढें ठेवली. तो हसला आणि म्हणाला, “ताई, हा खर्च माझा.” पहिल्या दोन लग्नांच्या पैशांतून त्यानें १५५ मिलिमीटरांचा मनोरा मागविला. १४५ ची पेटी घेतली असती तर त्याचें झांकण लागलें नसतें.

हा उंच कूलर दिसतो साधा. पण त्याच्या पोटांत एक सुंदर युक्ति आहे. तांब्याच्या ज्या चार वांकड्या नळ्या खालून वर अल्युमिनमच्या पत्र्यांत शिरलेल्या दिसतात, त्या भरीव नसतात. त्यांतली हवा काढून थोडेंसें पाणी भरलेलें असतें आणि आंतून एक सच्छिद्र अस्तर असतें. खालीं प्रोसेसरपाशीं पाण्याची वाफ होते, ती वर थंड पत्र्यांकडे धांवते, तेथें निवून पुन्हां पाणी होते, आणि दिव्याच्या वातीनें तेल चढावें तसें तें पाणी अस्तरांतून परत खालीं येतें. नुसतें तांबें जेवढी उष्णता नेईल तिच्या कितीतरी पट ही नळी नेते. अमेरिकेंतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेंत जॉर्ज ग्रोव्हर यानें १९६३ सालीं अशी नळी करून दाखविली. मामांना ही नळी इतकी आवडली कीं ते ती बराच वेळ हातांत फिरवीत बसले. “वडिलांचा पाण्याचा कूलर अखेर यांत निघालाच कीं,” असें ते म्हणाले.

बसवितांना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. कूलरच्या तळाला चिकटविलेला पारदर्शक पापुद्रा आठवणीनें सोलून काढावा. तो तसाच ठेवून कूलर बसविणारे लोक कमी नाहींत. आणि थर्मल पेस्ट प्रोसेसरच्या मध्यावर वाटाण्याएवढी घालावी, लोण्यासारखी थापूं नये. तिचें काम धातूंमधल्या सूक्ष्म फटींतली हवा घालविण्यापुरतेंच. थर जाड झाला कीं तीच आडकाठी होते. बैठकीचा सांचाही आपल्या मदरबोर्डाला जुळणारा असावा. या प्रोसेसराची बैठक एलजीए १७००. कित्येक जुन्या कूलरांना तिच्यासाठीं निराळी कंस-पट्टी लागते, ती खोक्यांत आहे ना हें आधींच विचारून घ्यावें.

त्याच दिवशीं दुपारीं तेंच काम पुन्हां चालविलें. खोली ३९ अंश, पेटींतली हवा त्याहून सातआठ अंशांनीं अधिक, आणि प्रोसेसर ७६. पंख्याचा आवाज ऐकूं येण्यासाठीं टेबलाखालीं वांकावें लागे. पांच हजारांपैकीं कॅबिनेटला ३,४०० लागले होते. उरलेल्या पैशांतून मुलीनें एक मऊ ब्रश, फुंकणी आणि एक जादा पंखा घेऊन ठेवला. बुटका कूलर खोक्यांत घालून कपाटांत गेला, अडीअडचणीला.

जूनमध्यें वसतिगृहांचे अर्ज पुन्हां सुरू झाले. पाड्यावरची ती बाई या वेळीं धाकट्या मुलासाठीं आली; अर्ज एका बैठकींत झाला आणि तिला जीपगाडीही मिळाली. दर पंधरा दिवसांनीं रविवारीं समोरची गाळणी काढून नळाखालीं धुतली जाते आणि पूर्ण वाळल्यावर परत बसते. आंतल्या पंख्यांवर ब्रश फिरवितांना पातीं बोटानें धरून ठेवावींत, नाहींतर फुंकणीच्या वाऱ्यानें तीं उलटींसुलटीं फिरून पंखा बिघडतो, ही गोष्ट मामांनीं तिला शिकविली. गाळणी धुतांना पहिलें पाणी अजूनही तांबडें निघतें.